वाचकांचे प्रश्न : "आमच्या सिरीजला हात कशाला लावता?"

मागच्या अंकात जुन्या सायन्स फिक्शन सिरीज नव्याने बनवण्याबद्दल, म्हणजे सगळे ज्याला रिबूट म्हणतात त्याबद्दल, चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं अख्खं सदर त्यालाच देतेय. बरीचशी रागावलेली आहेत, एक-दोन तर फारच, पण वाचताना एकही पत्र उगाच लिहिलेलं वाटलं नाही. जागेसाठी थोडी कापलीत, नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

प्रश्न : ताई, जी सिरीज बघत मी मोठा झालो ती आता परत बनवतायत. परवा ट्रेलर आला, दीड मिनिटाचा. यान ओळखू येत नाही, जुनी धून नाही, आणि माझा सगळ्यात लाडका पायलट होता त्याच्या जागी बाई घेतलीय. मी पन्नाशी ओलांडलेला माणूस, पण त्या रात्री झोप लागली नाही. घरचे म्हणतात, टीव्हीच आहे, एवढं काय मनाला लावून घ्यायचं. माझं चुकतंय का?

उत्तर : वाईट वाटण्यात तुमचं काहीही चुकत नाहीये. दहा-अकरा वर्षांच्या वयात माणूस एखादी सिरीज नुसती बघत नाही, तो तिच्यात राहायला जातो. कुठला दरवाजा कसा उघडतो, कॅप्टन खुर्चीत कसा बसतो, यान वळताना कसला आवाज येतो हे आपल्याला आपल्या घरासारखं पाठ असतं. मग कुणीतरी येऊन त्या घराच्या भिंती पाडायला लागलं की पोटात कालवणारच, त्याला वयाचा काय संबंध.

पण पायलटच्या जागी बाई हे वाचलं आणि मला थेट 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' आठवली, कारण हेच्या हेच तिथे झालंय. मूळ सिरीज १९७८ सालची, ग्लेन लार्सन यांची, अमेरिकेत एबीसी चॅनलवर. सायलॉन नावाच्या यंत्रांनी माणसांच्या वसाहती उद्ध्वस्त केलेल्या, आणि उरलेसुरले लोक गॅलॅक्टिका नावाच्या अवकाशातल्या युद्धनौकेच्या आधाराने पृथ्वी शोधत निघालेले. एकच सीझन चालली, पण ज्यांनी बघितली त्यांच्या मनातून ती गेली नाही. त्यात स्टारबक नावाचा पायलट होता, सिगार ओढणारा, पत्ते खेळणारा, बायकांच्या मागे फिरणारा, डर्क बेनेडिक्टने केलेला. २००३ मध्ये रॉन मूर आणि डेव्हिड आयक यांनी ती नव्याने केली, आणि स्टारबक झाली केटी सॅकहॉफ. झालं, आग लागली. जुन्या फॅन्सनी नव्या सिरीजला नावच पाडलं 'गिनो', त्याचा अर्थ फक्त नावापुरती गॅलॅक्टिका. खुद्द बेनेडिक्टने बदलाच्या विरोधात रागाने लेख लिहिला. रॉन मूर जुन्या फॅन्सच्या संमेलनात गेले तेव्हा समोर बसलेल्यांनी त्यांना तोंडावर हुर्यो केलं. म्हणजे तुम्हाला जे वाटतंय ते तेव्हा हजारो लोकांना वाटलं होतं, आणि ते सगळे काही मूर्ख नव्हते.

आता त्या सगळ्यात ज्या माणसाला रागवायचा सगळ्यात जास्त हक्क होता त्याची गोष्ट सांगते. रिचर्ड हॅच. मूळ सिरीजमधला कॅप्टन अपोलो. सिरीज बंद पडल्यावर हा माणूस वर्षानुवर्षं ती परत आणायची म्हणून धडपडत राहिला, गोष्ट तिथूनच पुढे न्यायची, जुनी माणसं घेऊन. कादंबऱ्या लिहिल्या, आणि १९९९ मध्ये स्वतःचे पैसे घालून एक ट्रेलर बनवला आणि तो फॅन्सच्या संमेलनांतून दाखवत फिरला. लोक उभं राहून टाळ्या वाजवायचे. आणि मग सिरीज खरंच परत आली तर ती त्याची नव्हतीच, दुसऱ्याच माणसांची, दुसऱ्याच नटांची, त्याचं पात्र दुसरा कुणीतरी करणार. त्याला काय वाटलं असेल याचा जरा विचार करा. तो दुखावला, त्याने ते उघड बोलूनही दाखवलं. पण रॉन मूरने त्याला नव्या सिरीजमध्ये एक काम देऊ केलं आणि त्याने ते घेतलं, टॉम झॅरेक नावाच्या राजकीय कैद्याचं. कुणी त्याला दहशतवादी म्हणतं, कुणी स्वातंत्र्यसैनिक, असं ते गुंतागुंतीचं पात्र आहे.

पहिल्याच सीझनमध्ये तो सीन आहे, कैद्यांच्या जहाजावरचा, कैद्यांनी जहाज ताब्यात घेतलंय आणि नवा अपोलो, जेमी बॅम्बर, ओलीस म्हणून समोर. आणि झॅरेक त्याला त्याच्या नावावरून छेडतो, अपोलो तर देव आहे, हे नाव मिरवणारा तू कोण एवढा मोठा लागून गेलास अशा अर्थाचं काहीतरी. तो तरुण म्हणतो की ते नुसतं टोपणनाव आहे, त्यात काही नाही. जुना अपोलो नव्या अपोलोला विचारतोय की या नावाची तुझी लायकी आहे का! मी तो सीन तीनदा मागे घेऊन बघितला, हॅचचा चेहरा अगदी शांत आहे, आवाज चढत नाही, पण डोळे त्या पोरावरून हलत नाहीत. तुमचा प्रश्न त्या माणसाने तिथे कॅमेऱ्यासमोर विचारून टाकलाय, आणि विचारण्यासाठी तो आत गेला, बाहेर उभा राहिला नाही. पुढे सिरीजच्या शेवटच्या सीझनपर्यंत तो त्यात होता. २०१७ मध्ये तो गेला तेव्हा जुने आणि नवे, दोन्हीकडचे फॅन रडले.

आणि स्टारबकचं काय झालं? ती बाई सिगार ओढते, पत्ते खेळते, वरिष्ठांना उलट बोलते, आणि आतून पार मोडलेली आहे. मला विचाराल तर मूळ पात्रात जे नुसतं रंगेल होतं त्याला तिने खोली दिली. तुम्हाला तसं वाटेलच असं नाही, पण दीड मिनिटाच्या ट्रेलरवरून ते कळणार नाही एवढं नक्की. तुमच्या नव्या सिरीजचे तीन एपिसोड बघा. तिसऱ्यानंतरही पोटात कालवत असेल तर बंद करा, नव्या गॅलॅक्टिकामध्ये नौकेचा कमांडर अॅडमा याचं मुख्य काम करणाऱ्या एडवर्ड जेम्स ओल्मोसनेच जुन्या कट्टर फॅन्सना तेव्हा सांगितलं होतं की तुम्ही बघू नका. नाही बघितलं तरी तुमच्या फॅनपणाला काही धक्का लागत नाही.

प्रश्न : रिबूट, रिमेक, रिव्हायव्हल हे सगळं एकच ना? का उगाच शब्द वाढवलेत?

उत्तर : एक नाहीये, आणि निम्मी भांडणं इथेच होतात. जुनी गोष्ट घडलीच नाही असं धरून पहिल्यापासून सुरुवात केली की रिबूट, जशी २००३ ची गॅलॅक्टिका. तीच गोष्ट साधारण तशीच परत शूट केली की रिमेक. आणि जुनं सगळं घडलेलं आहे, आपण फक्त पुढे जातोय, हे रिव्हायव्हल, म्हणजे बीबीसीची 'डॉक्टर हू', काळातून फिरणाऱ्या एका परग्रहवासी डॉक्टरची. १९६३ ला सुरू, १९८९ ला थांबली, मध्ये १९९६ चा एक टीव्ही सिनेमा सोडला तर सामसूम, आणि २००५ मध्ये परत आली ती त्याच डॉक्टरची पुढची गोष्ट म्हणून. तिला रिबूट म्हटलं की तिचे फॅन चिडतात आणि त्यांचं बरोबर आहे. २००९ चा 'स्टार ट्रेक' सिनेमा तर मधलाच प्रकार, त्यात काळाची फाटाफूट दाखवून नवी वाट काढली आणि जुनी वाट तशीच शाबूत ठेवली, आणि म्हातारा स्पॉक म्हणून मूळ सिरीजमधल्या स्पॉकला, लेनर्ड निमॉयलाच आणलं.

प्रश्न : मी एकोणीस वर्षांची आहे. एका जुन्या सिरीजचं नवीन व्हर्जन मला प्रचंड आवडलं, मी घरात सगळ्यांना सांगत सुटले, तर माझा मोठा दादा आणि त्याचे मित्र म्हणाले की तू जुनी बघितलीच नाहीस, तू खरी फॅन नाहीस, तुला कळणारच नाही. आता मला त्या सिरीजबद्दल बोलायचीच भीती वाटते. काय करू?

उत्तर : अगं, आधी भीती काढून टाक. खरा फॅन ठरवणारी परीक्षा कुणी कुठे घेत नाही.

दादाला 'स्टार ट्रेक' आवडत असेलच, तर त्याला १९८७ ची आठवण करून दे. मूळ सिरीज १९६६ ते १९६९, तीन सीझन, एकोणऐंशी एपिसोड. दुसऱ्या सीझननंतर ती बंद पडणार अशी बातमी होती तेव्हा प्रेक्षकांनी एनबीसी चॅनलला पत्रांचा असा पाऊस पाडला की चॅनलला टीव्हीवरून जाहीर करावं लागलं, सिरीज चालू राहतेय. तर अशा फॅन्सना १९८७ मध्ये सांगितलं गेलं की नवीन सिरीज येतेय, 'नेक्स्ट जनरेशन', जुना कॅप्टन कर्क नाही, स्पॉक नाही, कॅप्टन आहे टक्कल पडलेला एक इंग्लिश नाटकवाला आणि यानावर एक क्लिंगॉन ऑफिसर आहे, क्लिंगॉन म्हणजे मूळ सिरीजमधले शत्रू! लोक भडकले. आणि खरं सांगायचं तर पहिला सीझन कच्चाच होता, ते तिचे फॅनही मान्य करतात, तिसऱ्या सीझनपासून ती खरी उभी राहिली. मग सात सीझन आणि एकशे अठ्ठ्याहत्तर एपिसोड झाले, मूळ सिरीजच्या दुपटीहून जास्त, आणि आज कित्येक 'जुने फॅन' म्हणवणारे त्याच सिरीजवर वाढलेले आहेत. दादाचं वय काढून बघ, बहुतेक तोही कुणाच्यातरी दृष्टीने नव्यातलाच निघेल.

त्या सिरीजच्या पहिल्या एपिसोडमध्ये एक छोटासा सीन आहे. जुन्या यानावरचा डॉक्टर मॅकॉय, डीफॉरेस्ट केली, पात्राचं वय एकशे सदतीस, पाठ वाकलेली, नव्या यानाच्या कॉरिडॉरमधून हळूहळू चालतोय, बरोबर डेटा नावाचा अँड्रॉइड. म्हातारा कुरकुर करतो, चिडचिड करतो, मग थांबतो आणि सांगतो की यान नवीन असलं तरी नाव तेच आहे, तिला जपून वागवा, ती तुम्हाला नेहमी घरी घेऊन येईल. बस, एवढंच. मग तो निघून जातो. जुन्यांनी नव्यांशी कसं वागावं हे मला कुणी विचारलं तर मी हा दीड-दोन मिनिटांचा सीन दाखवते.

तू एक कर, दादालाच म्हण की मला मूळ सिरीजचा तुझा सगळ्यात आवडता एपिसोड दाखव, तू निवडशील तोच. शेजारी बस आणि मनापासून बघ. मध्ये मोबाईल नको.

प्रश्न : मी एक चूक केली. आवडत्या सिरीजच्या रिबूटमधल्या एका नटीला रागाच्या भरात खूप घाण मेसेज पाठवला. तिने नंतर सगळं अकाउंट बंद केलं. माझ्या एकट्यामुळे नसेल, पण मीही त्यात होतो.

उत्तर : हे लिहायला धीर लागतो, आणि तुम्ही ते लिहिलंत म्हणून सरळच सांगते. ते वाईट होतं. पात्र बाई करायचं, वय बदलायचं, शेवट फिरवायचा हे ठरवतात लेखक, निर्माते, चॅनलवाले, नटीला स्क्रिप्ट हातात मिळते. आणि समजा तिनेच ठरवलं असतं तरी शिवी द्यायची काही गरज नव्हती. तिला परत शोधून माफीचा मेसेज पाठवायला जाऊ नका, तिला तुमच्याकडून काहीच नको असेल. पण पुढच्या वेळी तुमच्या ओळखीतलं कुणी असं लिहायला लागलं तर त्याला अडवा, आणि तुमचा हा अनुभव सांगून अडवा, नुसता उपदेश कुणी ऐकत नाही. सिरीजवर टीका हवी तेवढी करा, कथा फसली म्हणा, संवाद बोथट आहेत म्हणा, तो प्रेक्षकाचा हक्कच आहे.

प्रश्न : यांना नवीन कल्पना सुचत नाहीत का? सगळं जुनंच परत परत. पैशासाठीच ना?

उत्तर : पैशासाठी, हो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. अनोळखी नावाच्या सिरीजची ओळख करून द्यायलाच केवढा खर्च होतो, आणि जुन्या नावाला आधीच लोक गोळा असतात. पण ते गोळा झालेले लोक थांबतातच असं नाही. 'बायोनिक वुमन' २००७ मध्ये परत आणली, निर्माता कोण तर डेव्हिड आयक, गॅलॅक्टिकावालाच, आणि त्यात केटी सॅकहॉफसुद्धा होती. आठ एपिसोड दाखवले आणि मध्येच लेखकांचा संप आला आणि संपलं. 'व्ही' १९८३ ची, माणसाच्या रूपात आलेल्या परग्रहवासी सरड्यांची, फॅसिझम घरात कसा शिरतो याची गोष्ट होती ती. २००९ ला परत केली, दोन सीझन चालली, आणि ऐन गुंत्यात अर्धवट सोडून दिली. म्हणजे नाव आहे, पैसा आहे, माणसंही तीच, तरी जमेलच असं नाही.

मग कुठे जमतं? मला वाटतं जिथे बनवणाऱ्याने आधी स्वतःला विचारलं असतं की मूळ सिरीज नेमकी कशाबद्दल होती. यान, कपडे, लेझरचा आवाज हे नंतर. १९७८ च्या गॅलॅक्टिकाच्या मुळाशी होतं की सगळं जग एका दिवसात गेलं आणि मूठभर माणसं उरली. पण ती सिरीज त्या दुःखाजवळ फार थांबायची नाही, पुढच्याच आठवड्यात कुठलातरी नवा ग्रह आणि नवं साहस. नव्या सिरीजने तेच मूळ धरलं आणि सोडलंच नाही. सुरुवातीच्या मिनी-सिरीजनंतरच्या पहिल्या एपिसोडचं नावच '३३' आहे, सायलॉन दर तेहेतीस मिनिटांनी हल्ला करतायत, पाच दिवस कुणी झोपलेलं नाही, पायलटांचे डोळे सुजलेत, आणि राष्ट्राध्यक्ष बाईंच्या मागे एका पांढऱ्या फळ्यावर जिवंत माणसांचा आकडा लिहिलाय जो त्या पुसून बदलत राहतात. त्या एपिसोडला २००५ चं ह्यूगो, म्हणजे सायन्स फिक्शनसाठीचं मोठं पारितोषिक मिळालं. त्यात जुन्या सिरीजमधली एकही ट्रिक नाही, आणि तरीही मला तो मूळ गोष्टीच्या सगळ्यात जवळचा वाटतो.

अजून एक सांगायचं राहिलं. नव्या सिरीजमध्ये गॅलॅक्टिका ही म्हातारी नौका आहे, तिचं म्युझियम होणार आहे. तिच्यावर कॉम्प्युटर एकमेकांना जोडलेले नाहीत, फोनला वायर आहे, कारण कमांडर अॅडमा नेटवर्क चढवू देत नाही. शत्रू येतो तो नेटवर्कमधूनच, नवीकोरी लढाऊ विमानं हवेतल्या हवेत बंद पडतात, आणि मग प्रदर्शनात मांडून ठेवलेली जुन्या डिझाइनची वायपर विमानं बाहेर काढावी लागतात. ती जुनी वायपर दिसायला थेट १९७८ च्या सिरीजमधल्यासारखी आहेत. ज्यांना फॅन शत्रू समजत होते त्या माणसांनी लिहिलंय हे, जुनं टिकलं म्हणून सगळे वाचले. मला हे कळलं तेव्हा माझा राग तिथेच गळून पडला, कारण हो, मीही रागावलेलीच होते.

प्रश्न : मुलगी नऊ वर्षांची. डॉक्टर हू आधी जुनी दाखवू का नवीन?

उत्तर : नवीन, २००५ चा पहिला एपिसोड, 'रोझ'. तिथे आधीची काहीच माहिती लागत नाही, दुकानात काम करणारी एक साधी मुलगी आहे, दुकानातले पुतळे चालायला लागतात आणि एक अनोळखी माणूस तिचा हात धरून म्हणतो पळ. जे तिला कळतं तेवढंच आपल्याला कळतं. तेच पुतळे जुन्या सिरीजमध्येही होते, १९७० साली, पण ते तुम्ही तिला नंतर सांगा, स्वतःहून विचारेल तेव्हा. पुतळ्यांची थोडी भीती वाटेल, पहिल्यांदा बरोबर बसा.

प्रश्न : तुम्ही कितीही समजवा, नवीन आलं की जुनं पुसलं जातं. वीस वर्षांनी नाव घेतलं की लोकांना नवीनच आठवणार. माझ्यासाठी ती सिरीज मेली.

उत्तर : तुमची भीती मला समजते, आणि जुनं खरोखर पुसलं गेल्याचं उदाहरण आहे म्हणून ते सांगते. बीबीसीने साठ आणि सत्तरच्या दशकात जुन्या 'डॉक्टर हू'च्या टेप खरोखर पुसल्या. कुणाचा द्वेष नव्हता, टेप महाग होत्या, त्यावर दुसरं काहीतरी रेकॉर्ड करायचं होतं, आणि जुने कार्यक्रम परत कुणी बघेल असं त्यांना वाटतच नव्हतं. परदेशी चॅनलला विकायच्या फिल्म प्रिंटही नंतर टाकून दिल्या. अशी कितीतरी एपिसोडची चित्रं गेली. तेव्हा रिबूट हा शब्दसुद्धा कुणी ऐकला नव्हता. जुनं पुसलं गेलं ते कुणाला त्याची किंमत वाटली नाही म्हणून.

पण आवाज वाचले. हरवलेल्या प्रत्येक एपिसोडचा आवाज आज आहे, एकूण एक, आणि तो बीबीसीच्या कपाटात सापडलेला नाही. तेव्हा घरोघरी काही पोरं होती, त्यांच्याकडे व्हिडिओ रेकॉर्डर नव्हता, तर ती एपिसोड लागला की टेपरेकॉर्डर टीव्हीला जोडायची किंवा मायक्रोफोन टीव्हीच्या स्पीकरसमोर धरायची, घरातल्यांना गप्प बसा म्हणायची आणि पंचवीस मिनिटं जागची हलायची नाहीत. त्या टेप त्यांनी वर्षानुवर्षं जपल्या. पुढे त्याच आवाजांवर अॅनिमेशन चढवून कित्येक हरवलेल्या गोष्टी परत लोकांसमोर आणल्या गेल्या, आणि त्याला पैसा आणि प्रेक्षक कुठून आला, तर २००५ मध्ये परत आलेल्या सिरीजने ते नाव पुन्हा घराघरात नेलं होतं तिथून.

तुमची सिरीज मेली असं तुम्ही लिहिलंय, पण तुम्हाला तिचे संवाद पाठ आहेत, तुमच्या पत्रात तीन तर मीच मोजले. नवीन बघू नका, माझा काही आग्रह नाही. पण ते तीन संवाद ज्या सीनमधले आहेत ते सीन कुणाला तरी सांगा, कुणीही चालेल, जो नवीन बघून आलाय आणि विचारतोय की आधी काय होतं त्याला तर आधी सांगा. पुढच्या अंकासाठी मलाही लिहून पाठवा, सविस्तर, यान कुठून आत येतं आणि दरवाजा उघडताना कसला आवाज येतो इथपासून. कितीही लांब झालं तरी मी वाचीन.